ताजा आकडा

सोमवार, २ मार्च

साइट आज पुन्हा पडली. सलग चौथा सोमवार. नऊ वाजून तीन मिनिटांनी तिने मान टाकली, पावणेअकराला जरा हुशारी आली, अकराला पुन्हा गेली. कार्यालयाच्या नोंदवहीत मी लिहिलं, ‘अपेक्षेपेक्षा अधिक प्रतिसादामुळे सेवा काही काळ मंदावली.’ नोंदवहीत एवढंच मावतं. बाकीचं लिहायला ही वही आणली.

बाकीचं असं. आमच्या रुग्णालयात डॉक्टरांची वेळ घ्यायला पूर्वी तळमजल्यावर एक खिडकी होती. गेल्या वर्षी ती बंद झाली आणि मी तयार केलेली साइट सुरू झाली. दर सोमवारी सकाळी नऊला सगळ्या विभागांच्या मिळून पुढच्या आठवड्याच्या चौदाशे वेळा खुल्या होतात. बाराला यादी बंद होऊन विभागांकडे जाते. वर्षभर सुरळीत चाललं होतं. फेब्रुवारीपासून काय दृष्ट लागली कोण जाणे.

आज चौदाशेपैकी पाचशे वीसच भरल्या. म्हणजे पुढच्या आठवड्यात निम्मा वेळ डॉक्टर भिंतीकडे बघत बसणार आणि बाहेरचे लोक म्हणणार, डॉक्टर भेटतच नाहीत.

संचालकांनी बोलावलं होतं. मला वाटलं, आज काही खरं नाही. पण त्यांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या पडद्याकडे होतं. हा पडदा माझाच. आजवर एकूण किती वेळा दिल्या गेल्या, ते या क्षणाला मोजून मोठ्या अक्षरांत दाखवतो. अकरा वर्षांच्या नोंदी, खिडकीच्या काळातल्यासुद्धा, पहिल्यापासून मोजतो. मोजून झालं की थांबत नाही, लगेच पुन्हा मोजायला घेतो. शिळा आकडा दाखवायचाच नाही, हे माझं तत्त्व. जानेवारीअखेर गंमत म्हणून केला होता. संचालकांना इतका आवडला की आता त्यांच्याकडे आणि चौदा विभागप्रमुखांकडे, अशा पंधरा खोल्यांत लागलाय. साइट पडली की आकडा लाल होतो.

“साइट पडते ते पडते,” संचालक म्हणाले, “पण पडल्याचं आपल्याला तत्काळ कळतं. हे पूर्वी नव्हतं.”

बाहेर आलो तर ताईचा फोन.

“छोट्या, तुझं ते चक्र फिरतंय नुसतं.”

मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

“ताई, गर्दी आहे. जरा थांब.”

“तासभर थांबले. चक्राखाली लिहिलंय, ‘आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.’ कोणी लिहिलं हे?”

“मी.”

“तरीच.”

भावोजी सिटी बस चालवतात. सत्तावीस वर्षं. जानेवारीच्या तपासणीत डेपोच्या डॉक्टरला उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सापडला आणि त्याच दिवशी त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं. शस्त्रक्रिया करून तीस एप्रिलच्या आत आमच्याच रुग्णालयाचा दाखला आणला तर गाडी परत मिळेल. नाही आणला तर निवृत्तीपर्यंत बसगाड्या धुवायच्या. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे तरी दाखला मिळत नाही, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते नेत्रविभागात पोचायलाच हवेत. तीस मार्च हा त्यांच्यासाठी शेवटचा सोमवार.

“तुला आतून नाव टाकता येत नाही का रे?”

येतं. येतं म्हणूनच टाकत नाही. हे मी तिला शांतपणे समजावलं.

“म्हणजे सख्खा भाऊ तिथला मुख्य, आणि मी बाहेर चक्र बघत बसायचं?”

“सगळ्यांसारखं.”

तिने फोन ठेवला. ठेवण्याआधी काही तरी म्हणाली, ते लिहीत नाही.

गुरुवार, ५ मार्च

एक दोष सापडला. साइटच्या पहिल्या पानावर संचालकांचा स्वागतपर फोटो आहे. फोटोग्राफरने दिला तसाच, भिंतीएवढा, चढवलेला. म्हणजे पोटदुखीचा माणूस आत येण्यापूर्वी त्याच्या फोनने आधी संचालक पूर्ण उतरवून घ्यायचे. मी फोटोचं वजन चाळीस पटीने कमी केलं.

तासाभरात संचालकांचा फोन. “मी जरा धूसर दिसतोय.”

“सौम्य दिसता साहेब.”

“हं,” म्हणाले. पटलं असावं.

आमच्या संगणक विभागात दोनच माणसं. मी आणि खिडकीबाई. त्या बावीस वर्षं तळमजल्यावरच्या खिडकीत बसल्या. खिडकी बंद झाली तेव्हा टेबल-खुर्चीसकट माझ्याकडे आल्या. त्यांना देण्याजोगं काम मला अजून सापडलेलं नाही, म्हणून त्या तक्रारींचे फोन घेतात. फोटोचं ऐकून म्हणाल्या, “बरं केलंत सर. लोकांना आत जायचं, आणि साहेब दारातच उभे.”

प्रत्येक गोष्ट त्यांना खिडकीसारखी दिसते. मी हसून घेतो.

एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवतो. संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी साइट अगदी शहाण्यासारखी चालते. कार्यालय बंद झालं की तिलाही हायसं वाटतं की काय.

सोमवार, ९ मार्च

नऊ वाजून एक मिनिट. गेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं लवकर.

पण आकडे मी दोनदा वाचले. पहिल्या तासात साइटला नऊ लाख भेटी. गेल्या आठवड्यात साडेतीन लाख होत्या. संचालकांनी लगेच वर्तमानपत्रांना पत्रक पाठवलं, ‘एका तासात नऊ लाख नागरिकांचा विश्वास.’

“सर,” खिडकीबाई म्हणाल्या, “गावाची वस्ती सात लाख.”

मी त्यांना सांगितलं की माणूस अगतिक झाला की पुन्हा पुन्हा बटण दाबतो.

“दाबतो ना. मी फोनवर ऐकते. पण मला दिवसभरात सत्तर फोन आले. खिडकीवर रोज तेवढेच भांडायचे.”

भेटींची संख्या आणि भांडणांची संख्या यांचा काही संबंध नसतो, हे त्यांना कसं समजवावं? मी विषय बदलला.

परवा शनिवारी संचालकांच्या आदेशावरून सगळ्या प्रतीक्षाकक्षांतही माझा पडदा लागला. छत्तीस टीव्ही. लोकांना पारदर्शकता हवी असते. तळमजल्यावर एक आजोबा बराच वेळ आकड्याकडे बघत उभे होते. मला अभिमान वाटला. नंतर कळलं, त्यांना तो आपला नंबर वाटला होता आणि ते तेवढे आकडे पुढे सरकायची वाट बघत होते.

ताईला आज पावणेबारापर्यंत चक्र. त्यात एकदा नेत्रविभागाचं पान उघडलं, तारीख निवडली, आणि सगळं पांढरं झालं. “डोळ्यात मोतीबिंदू यांच्या आहे की तुझ्या साइटच्या?” तिने विचारलं.

बुधवार, ११ मार्च

नवीन सर्व्हर मंजूर झाला. चौपट ताकदीचा. शनिवारी बसवायचा. समितीच्या बैठकीत नऊ सदस्य होते. सगळ्यांचं एकमत की उपाय होतोय की नाही यावर बारीक लक्ष ठेवायला हवं. म्हणून नऊ जणांच्या फोनवर मी पडदा घालून दिला. एक सदस्य म्हणाले, “उशाला घेऊनच झोपतो आता.”

संचालक म्हणाले, “रोगावर नजर असली की निम्मा रोग तिथंच बरा.”

ते स्वतः डॉक्टर आहेत, त्यामुळे मी ते इतिवृत्तात घेतलं.

रविवार, १५ मार्च

ताईकडे जेवायला गेलो. तिने वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. जे बोलायचं ते भावोजींना उद्देशून. “अहो, विचारा त्यांना, भात हवा का. की तोही नऊ वाजता सगळ्यांसारखा घ्यायचा?”

भावोजी खिडकीपाशी डावा डोळा पुढे करून पेपर वाचत होते. मी विचारलं, डेपोत कसं चाललंय.

“उत्तम. बस धुतो. अर्धीच दिसते, म्हणून खात्रीसाठी पुन्हा धुतो. मुकादम म्हणतो, एवढा मन लावून काम करणारा माणूस बघितला नाही.”

मी हसलो. तेही हसले. मग ताई आत गेल्यावर हळूच म्हणाले, “परवा माझी गाडी धुवायला आली. तीच, सत्तावीस नंबरची. नवा पोरगा क्लच जाळतोय तिचा. वासावरूनच कळलं.” आणि पेपर पुन्हा डोळ्याजवळ नेला. पान उलटायला बराच वेळ लावला.

नवीन सर्व्हर कालच बसलाय. उद्या सगळं ठीक होईल, असं मी दोघांनाही सांगितलं. मला खरंच तसं वाटतंय.

सोमवार, १६ मार्च

झालं नाही.

नऊ वाजून दोन मिनिटं. भेटी चौदा लाख. सर्व्हर चौपट केला तर भेटीही वाढल्या, जणू लोकांना आतून कोणी कळवलं की आता जागा मोठी झाली, या. पडद्यावरचा आकडा तर इतक्या वेगाने ताजा होतोय की थरथरल्यासारखा दिसतो. संचालक त्यावर खूष आहेत. भरलेल्या वेळा चारशे नव्वद.

खरं लिहायचं तर मला आज भीती वाटली. साइटची नाही. तीस वर्षं हे काम करतोय, आणि आज दुपारी कडी लावून स्वच्छतागृहात उभा राहिलो तेव्हा मनात आलं, मला हे काम येतं हे कोणी आणि कधी तपासलं होतं? भावोजींना निदान दर वर्षी डॉक्टर तपासतो.

ताईने आज फोन केला नाही. ते जास्त लागलं.

रविवार, २२ मार्च

आज मीच ताईला फोन केला. नाव आतून टाकणार नाही, पण सल्ला देण्यात गैर काहीच नाही. मी सगळ्या सोमवारच्या नोंदी बघून तिला पद्धत सांगितली. “नऊ ते साडेनऊ अजिबात हात लावू नकोस. सगळं गाव तेव्हाच तुटून पडतं. स्वस्थ चहा पी. साडेनऊनंतर शिर.”

“नक्की?”

“मी केलीय ना साइट.”

“म्हणूनच विचारते,” ती म्हणाली. पण ऐकते म्हणाली.

सोमवार, २३ मार्च

दुर्दैव. नऊ वाजून चार मिनिटांनी मुख्य इमारतीची वीज गेली, बावीसला आली. सर्व्हरची खोली वेगळ्या लाइनवर आहे, तिला काही झालं नाही. पण एकूण एक पडदे विझले. ऐन मोक्याच्या वेळी अठरा मिनिटं आम्ही पूर्ण आंधळे. नऊपैकी सात सदस्य उपाययोजनेवर नजर ठेवायला संचालकांच्या खोलीत जमले होते, ते फोनचे टॉर्च लावून वायरमन शोधत होते. वीज आली, पडदे लागले आणि पाहतो तो काय, दोन मिनिटांत आकडा लाल.

यात एक चमत्कारिक गोष्ट. नंतर नोंदी पाहिल्या तर त्या अठरा मिनिटांत चारशे चाळीस वेळा भरल्या गेल्यात. बाकीच्या पावणेतीन तासांत मिळून दोनशे दहा. बहुधा नवीन सर्व्हरला रुळायला आठवडा लागत असावा. तो तेव्हा थोडा वेळ रुळला असावा.

ताई साडेनऊला बरोबर बसली. चक्र.

“चहा छान झाला होता,” एवढंच म्हणाली.

नऊ वाजता बसली असती तर तिला वेळ मिळाली असती. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मंगळवार, २४ मार्च

दुपारी खिडकीबाईंनी विचारलं, “सर, काल वीज गेली तेव्हाच साइट कशी चालली?”

मी रुळण्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांची एक जुनी गोष्ट सुरू केली.

“एका वर्षी तापाची साथ होती. रांग पार फाटकाबाहेर. मग एक साहेब आले, रांग का सरकत नाही बघायला. खिडकीशी उभं राहून म्हणाले, किती झाले? मी हातातलं काम ठेवलं, सकाळपासूनच्या चिठ्ठ्या मोजल्या, सांगितलं, एकशे बारा. ते गेले. तोवर दुसरे आले. किती झाले? परत मोजल्या. एकशे तेरा. मग तिसरे. सर, मी दिवसभर चिठ्ठ्याच मोजत होते. आणि प्रत्येक साहेब वर जाऊन सांगत होता, बाई फार सावकाश काम करतात.”

“मग?”

“मग मी मागच्या भिंतीवर खडूने आकडा लिहून ठेवायला लागले. अर्ध्या तासातून एकदा. कोणी विचारलं की नुसता अंगठा मागे दाखवायचा. मान वर करायची नाही. रांग चारला संपली.”

गोष्ट चांगली होती. पण ती खिडकीची होती. साइटचं शास्त्र वेगळं असतं, तिला चिठ्ठ्या नसतात. तसं मी त्यांना म्हणालो.

“असेल,” त्या म्हणाल्या. “किती जण रांगेत आहेत ते बघायला आपण रांगेत शिरायचं नसतं, एवढंच मला माहीत.”

जरा लागट वाटलं.

बुधवार, २५ मार्च

सोळा तारखेच्या चौदा लाख भेटी कुठून आल्या ते एकेक करून तपासलं. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. केलं नाही, कारण लोक कुठून येतात हे मला माहीत होतं. घराघरांतून.

बाहेरून आल्या अठ्ठावीस हजार.

बाकी सगळ्या या इमारतीतून आणि नऊ सदस्यांच्या फोनवरून. साठ पडदे. प्रत्येक पडदा अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून मोजून घेतोय, उत्तर मिळालं की श्वासही न घेता पुन्हा मोजायला लावतोय. सर्व्हर जितका तगडा, तितका जास्त वेळा. मोजता मोजता त्याला पोटदुखीवाल्याकडे बघायला सवडच नाही. गाव अठ्ठावीस हजार वेळा दारात आलं, आणि गाव कसं येतंय ते बघायला आम्ही पावणेचौदा लाख वेळा त्याच दारात जाऊन उभे राहिलो.

पडदा मी केला. आकडा ताजाच हवा, हे तत्त्वही माझं. भावोजी दोन महिने बस धुताहेत.

शुक्रवार, २७ मार्च

काय करायचं ते माहीत आहे. खडूने लिहायचं. सर्व्हरने पाच मिनिटांतून एकदाच मोजायचं, आकडा एका साध्या पानावर ठेवायचा आणि साठच्या साठ पडद्यांनी फक्त ते पान वाचायचं. दोन तासांचं काम.

पण पडदा संचालकांचा लाडका आहे. त्याला हात लावायचा तर का, ते सांगावं लागणार. सांगायचं म्हणजे, साहेब, तुम्ही ज्याचं सगळीकडे कौतुक करताय त्यानेच साइट पडतेय, आणि तो मी केलाय. आज दुपारी हे वाक्य पाठ करून त्यांच्या खोलीत गेलो.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “बरं झालं आलात. सोमवारी सकाळी नऊला वरच्या कार्यालयातून तिघे येताहेत. खास आपला पडदा बघायला. सगळ्या रुग्णालयांत तो लावायचा विचार आहे. आकडा नीट पळता हवा.”

मी “हो साहेब” म्हणालो.

सोमवार म्हणजे तीस मार्च.

शनिवार, २८ मार्च

सकाळी खिडकीबाईंना सगळं सांगितलं. “तुमचं बरोबर होतं” हे तीन शब्द उच्चारायला मला त्यांच्यासाठी चहा मागवावा लागला.

त्या जिंकल्यासारख्या हसल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, “मग लिहा खडूने.”

“संचालकांना विचारायला हवं.”

“मी नव्हतं विचारलं.”

“भिंत तुमच्या मागे होती. ही त्यांच्या समोर आहे.”

“सर, सोमवारी आकडा पळाला नाही तर एक माणूस तुमच्यावर ओरडेल. पळाला तर हजारभर लोक माझ्यावर ओरडतील. फोन मी घेते.”

मनात आलं, हे मी गावासाठी करतोय की भावोजींसाठी? भावोजींसाठी करत असेन तर आतून नाव टाकण्यात आणि यात फरक काय? चहा संपेपर्यंत विचार केला. दुपारी दोनला कामाला बसलो, चारला झालं. पडद्याच्या दिसण्यात राईएवढाही फरक नाही. तेवढेच मोठे अंक. फक्त स्थिर.

सोमवार, ३० मार्च

सविस्तर लिहितो.

पाहुणे पावणेनऊला आले. तिघेही गंभीर. संचालकांच्या खोलीत पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. नऊ वाजले. सगळे आकड्याकडे बघत बसले. आकडा सगळ्यांकडे.

नऊ वाजून एक मिनिट. दोन. कोणी हलेना, आकडाही नाही. संचालक माझ्याकडे झुकून कुजबुजले, “बंद पडलंय?”

“नाही साहेब. पाच मिनिटांनी बदलेल.”

“पाच मिनिटांनी!” ते इतक्या हळू ओरडले की मला आधी कळलंच नाही की ओरडताहेत.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ताई. घेता येईना. पुन्हा थरथरला. नऊला मिळत नसेल तर आज मिळणारच नाही, आणि आजनंतर सोमवार नाही.

नऊ पाचला आकडा एकदम तीनशे सव्वीसने वाढला. नऊ दहाला आणखी तीनशे नव्वदने.

वरिष्ठ पाहुणे पहिल्यांदा बोलले. “एकदम एवढे?”

संचालक खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “आम्ही थेंब थेंब करत नाही.”

“पण लाल होतो म्हणे हा?”

“व्हायचा. आता होत नाही. ही स्थिरता आणायला महिना घालवला आम्ही.”

पाहुण्यांनी टिपून घेतलं. त्यांना चहा आला तेव्हा मी बाहेर सटकलो. दहा वाजता तेराशे ऐंशी वेळा भरल्या होत्या. खिडकीबाईंना सकाळपासून तीन फोन. त्यातला एक चुकून लागलेला.

जिन्यात उभं राहून ताईला फोन लावला.

“मिळाली!” ती ओरडलीच. “सहा तारीख, सव्वादहा! दोन मिनिटांत झालं रे! चक्र नाही, काही नाही!” मग आवाज खाली आणून म्हणाली, “केलंस ना शेवटी आतून?”

“नाही ताई. साइट दुरुस्त केली.”

“हो, हो.”

“अगं, खरंच. सगळ्यांनाच मिळाल्या आज.”

“कळतं मला. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत. ठेवते.” आणि ठेवता ठेवता, “छोट्या, माझा भाऊ आहेस खरा.”

महिनाभर मी तत्त्व सोडलं नाही म्हणून ती माझ्याशी धड बोलत नव्हती. आज सोडलं असं समजून बोलली. मला इतका आनंद झाला की वाद घालायचं राहूनच गेलं.

बुधवार, १ एप्रिल

संचालक कार्यालयाकडून पत्र. ‘साइटच्या तासाभरातील भेटी चौदा लाखांवरून सव्वीस हजारांवर आल्या आहेत. या गंभीर घसरणीबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’

खरं तेच लिहिलं. पडदा मी केला, दोष माझा, दोष खिडकीबाईंच्या लक्षात आला, त्यांच्या पद्धतीने दूर केला. सहा ओळी. सही केली. अक्षर चांगलं आलं.

शनिवार, ४ एप्रिल

खुलासा परत आला. वर शेरा, ‘तांत्रिक असल्याने मान्य.’ खिडकीबाईंचं नाव लाल शाईने खोडलेलं, बाजूला, ‘खिडकी विभाग अस्तित्वात नाही.’ खाली एक सूचना, की चौदा लाखांचा आकडा आधीच जाहीर झालेला असल्याने तो यापुढेही तसाच सांगावा.

खिडकीबाईंना दाखवलं. त्यांनी पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “घरी वाचायला देते,” म्हणाल्या. “बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव वरपर्यंत गेलं.” सोमवारपासून नोंदी त्याच बघणार. मी तसं त्यांना लेखी दिलं, माझ्या सहीने.

मंगळवार, २८ एप्रिल

दाखला मिळाला. दोन दिवस शिल्लक ठेवून. पट्टी निघाल्यापासून भावोजी घरातल्या सगळ्यांना पहिल्यांदा बघत असल्यासारखे निरखताहेत. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, “तू एवढा पिकलास कधी?”

“मार्चमध्ये,” मी म्हणालो.

सोमवार, ४ मे

नऊ वाजता वेळा खुल्या झाल्या, पाऊण तासात भरल्या. लिहिण्यासारखं काही नाही, आणि ही सवय मोडू नये असं वाटतं.

घरी येताना मुद्दाम सत्तावीस नंबर पकडली. भावोजी स्टिअरिंगवर. मी चढलो तसे आरशातूनच ओरडले, “या, या!” आणि कंडक्टरला, “हे आमचे मेहुणे. रुग्णालयातले. यांनी शब्द टाकला म्हणून आज मी इथं बसलोय!”

“भावोजी, मी काही शब्द वगैरे...”

“बघा, बोलत नाहीत! मोठी माणसं असंच करतात.”

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. शेजारचे गृहस्थ सरकून बसले, मला जास्त जागा करून दिली. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, “साहेब, माझा गुडघा आहे. हाडांच्या डॉक्टरांची वेळ हवी होती.”

“सोमवारी सकाळी नऊला साइटवर घ्या. दोन मिनिटांत मिळते.”

ते समजूतदारपणे हसले. “ते सगळ्या लोकांसाठी झालं हो. आमचं काही तरी बघा ना.”

“खरंच मिळते. आता साइट चांगली चालते. तुम्ही स्वतः...”

त्यांचा चेहरा पडत गेला. मागच्या सीटवरच्या बाई पुढच्याला म्हणाल्या, “ओळखीचं असतं त्यालाच मिळतं, आपल्याला काय.” भावोजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. उजवा डोळा अगदी लख्ख, आणि त्यात जरा नाराजी. तुला काय जातंय, असं.

मी त्या गृहस्थांचं नाव, वय आणि कुठला गुडघा ते एका कागदावर लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी नऊला साइट उघडून, सगळ्यांसारखीच, त्यांची वेळ घेऊन टाकीन. दोन मिनिटांचं काम.

“बघतो,” मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. उतरेपर्यंत आणखी चार कागद झाले.